शंभराच्या आत

ज्या खेळात कमी मार्क पडले की माणूस हुशार ठरतो, तो खेळ पैसेवाल्यांनीच शोधून काढला असणार. आमच्या घरात तो कुणाला परवडला नसता. मी बारावीला गणितात नव्व्याण्णव काढले तेव्हा आबांनी गावभर पेढे वाटले. शाहूवाडीच्या डोंगरात त्या वर्षी भातापेक्षा माझ्या मार्कांचीच चर्चा जास्त झाली. पुढं मी इंजिनिअर झाले. घराण्यात कॉलेजचं तोंड बघितलेली पहिलीच. आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मालाची तपासणी करायला लागले. तिथं मला साहेब भेटले. साठी ओलांडलेला, दोन भट्ट्यांचा मालक असलेला हा माणूस एकाच आकड्यासाठी झुरत होता. तो आकडाही नव्व्याण्णवच. फक्त त्यांना तो वरून खाली येऊन गाठायचा होता.

गोल्फमध्ये अठरा खड्ड्यांत चेंडू घालायचा आणि त्याला जितके कमी फटके लागतील तितका माणूस शहाणा. बरे खेळणारे ऐंशी-पंच्याऐंशीत उरकतात. आमचे साहेब अकरा वर्षं एकशे चार ते एकशे वीस यांच्या दरम्यान सुखानं नांदत होते.

"मैदान अवघड हाय," हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं म्हणणं. खोटं बोलायची सवय असलेला माणूस अधूनमधून खरंही बोलतो, त्यातलं हे. कोल्हापूरच्या बाहेर एका माळावर ते मैदान आहे. टीव्हीवर गोल्फ बघून कुणी तिथं गेलं तर त्याला वाटेल, आपण चुकून दगडाच्या खाणीवर आलो. होल नऊच. तेच दोनदा खेळायचे, म्हणजे अठरा भरतात. तिसऱ्या होलच्या वाटेत जांभ्याचा खडक असा उताणा पडलाय की त्यावर आपटलेला चेंडू मारणाऱ्याला भेटायला परत येतो. सातव्याला म्हशी. त्यांना कुणी हाकलत नाही, कारण माळ आधी त्यांचा होता. चेंडू म्हशीला लागला तर जिथं पडेल तिथून खेळायचं, आणि म्हैस वळून बघायच्या आत पुढं सरकायचं.

पाचव्याला उजव्या अंगाला ऊस. आणि साहेबांचा फटका उजवीकडंच वळायचा. हा जन्मजात दोष. शेजाऱ्याच्या शेतात चेंडू सापडला तर तिथूनच मारायचा, नाही सापडला तर दंड, असा त्या मैदानाचा आपला घरचा नियम. डोक्याएवढ्या उसात चेंडू सापडतोय कुठला? पण एकदा तोड झाली की रान मोकळं, पाचटात पांढरा चेंडू लांबून दिसतो. त्यामुळं ज्याचा खेळ उसाच्या तोडीवर अवलंबून आहे असा गोल्फ खेळणारा जगात हा एकटाच असावा. दसरा झाला की ते केबिनमधून त्या शेतकऱ्याला फोन लावायचे, "पावणं, तोड कधी धरलीया?" तो बिचारा हरखून जायचा. एवढा मोठा कारखानदार आपल्या उसाची चौकशी करतोय.

हिरवळीचं तर नावच नको. होलच्या भोवती गवताऐवजी वाळूत जळकं तेल कालवून थापलेलं एक गोल अंगण असतं. त्याला 'ब्राऊन' म्हणतात. त्यावर पावलं उमटतात, म्हणून शेवटचे हलके फटके मारायच्या आधी चेंडूपासून होलपर्यंत पोतं ओढून वाट सपाट करायची पद्धत आहे. ते काम मामांचं. मामा म्हणजे साहेबांची बॅग वाहणारे, माळाखालच्या वाडीतले, सत्तरीला टेकलेले गृहस्थ. पोत्याला एक दांडी बांधलेली असायची, ती धरून ते असं निगुतीनं पोतं ओढायचे की जणू सणाचं अंगण सारवतायत. मामांचा गोल्फवर काडीचा विश्वास नव्हता. साहेबांवर होता.

हा विश्वास कुठून आला ते मला कळलं नाही, कारण मी साहेबांना फाउंड्रीत बघत होते. तिथं 'रिजेक्ट' हा शब्द त्यांना सहन व्हायचा नाही. खराब कास्टिंगवर, म्हणजे साच्यात ओतलेल्या तुकड्यावर, फुली मारायला माझ्या टेबलावर लाल रंगाचा डबा असायचा. त्याला ते 'तुझं कुंकू' म्हणायचे. "लाव लाव, सगळ्यांस्नी कुंकू लाव. एक दिवस मला पण लावशील." कास्टिंगला हवेचं भोक पडलं की म्हणायचे, "भोक कुठाय? लोखंडानं श्वास घेतलाय." ठरल्या मापापेक्षा माल थोडा इकडंतिकडं झाला, तर 'एवढं चालवून घ्या' अशी लेखी परवानगी गिऱ्हाइकाकडून मागतात. तिला डेव्हिएशन म्हणतात. इतर लोक ती वर्षातून दोनदा मागतात आणि मागताना लाजतात. साहेब आठवड्याला मागायचे आणि मागताना चहा प्यायचे. एकदा मी समोर असताना फोनवर म्हणाले, "अहो, तुमच्या-माझ्या मनात दोन मिलीचं अंतर न्हाय, मग मालात असलं तर काय बिघडलं?" पलीकडचा माणूस हसला, आणि माल पास झाला. चार वर्षं घासून मी जी पदवी मिळवली होती, ती त्या दिवशी मला गुंडाळून बॅगेत ठेवावीशी वाटली.

हाच कारभार माळावर. हवेत फिरलेला फटका म्हणजे 'प्रॅक्टिस'. दगडामागं अडकलेला चेंडू बुटाच्या टोकानं मोकळा करायचा आणि म्हणायचं, "ह्याला डेव्हिएशन." बूट तरी कसले, तर फाउंड्रीतले लोखंडी टोकाचे. खिशात भडंग, एक बकाणा भरायचा, एक फटका मारायचा. गोल्फच्या नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. नियम पाळायला नव्हे. पळवाट कुठल्या कलमातून जाते ते बघायला.

एकदा त्यांनी स्वतःच्या भट्टीत स्वतःसाठी काठी ओतून घेतली. ब्राऊनवर चेंडू हलकेच ढकलायची असते ती. आणि ऐटीत माझ्या टेबलावर तपासायला पाठवली. मी तपासली. टाचेजवळ वाटाण्याएवढं भोक होतं. मी लाल रंग मारून परत पाठवली. साहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून तीच लाल फुलीवाली काठी घेऊन खेळायला लागले, आणि विचारणाऱ्याला सांगायचे, "क्वालिटीच्या मॅडमनी शिक्का मारून दिलीया."

खेळाच्या कार्डावर फटके मोजणाऱ्या दुसऱ्या कुणाची तरी सही लागते. पुढं पुढं क्लबात साहेबांच्या कार्डावर सही करायला कुणी धजेना. एका डॉक्टरांनी तर सही करून खाली लिहिलं, 'ऐकीव माहितीवरून'. ते कार्ड क्लबच्या फळ्यावर महिनाभर टाचलेलं होतं म्हणे. तेव्हा साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"रविवारी काय करतीस?"

"झोपते."

"सकाळी सहाला माळावर ये. माझे फटके मोजायचे."

"साहेब, मी मेटलर्जीची इंजिनिअर आहे."

"म्हणून तर. माझ्या बाजूनं सही करणारी माणसं ह्या गावात ढिगानं हायत. त्यांच्या सहीला कुत्रं विचारत न्हाय. तुझी सही बघितली की पुण्याचं गिऱ्हाईक पेटी न उघडता माल उतरून घेतंय."

एवढं कौतुक त्यांनी मला पगारवाढीच्या दिवशीही ऐकवलं नव्हतं. मी सांगितलं, येते, पण जे दिसेल तेच लिहिणार. आमच्या आबांनी आयुष्यभर सगळीकडं अंगठा टेकवलाय. सही ही आमच्या घरात अजून नवी वस्तू आहे. ती मी उसनी देत नाही. साहेब म्हणाले, "भाषण नको. टोपी आण. ऊन लागतंय."

मग तीन वर्षं माझे रविवार असे गेले.

"किती झाले?"

"सात."

"सात कसे? मोज बघू."

"एक खडकावर. एक परत आला तिथून. एक हवेत."

"हवेतला धरलास? मी हात सैल करत होतो."

"हात सैल झाले साहेब, फटका पण झाला."

मामा मध्ये पडायचे. "म्याडम, सोडा की एखादा. द्येवाला वाढवलेला नारळ पण कवा कवा नासका निघतोय."

"नासका निघाला मामा, तरी नारळ मोजतातच."

"लई कडक हायसा बाई तुमी."

सोमवारी माझ्या टेबलावर चहा यायचा नाही. मंगळवारी यायचा. इतकाच साहेबांचा राग. पण एक सांगायला हवं. मी मोजायला लागल्यापासून आकडा आधी एकशे अठराच्या वर चढला, कारण आता खरा होता. आणि मग इंचाइंचानं खाली यायला लागला. एकशे बारा. एकशे नऊ. एकशे पाच. दुपारच्या सुट्टीत साहेब भंगाराच्या ढिगाऱ्याकडं तोंड करून शंभर-शंभर चेंडू मारायला लागले. साचे भरणारे मोल्डिंगवाले डोक्यावर हेल्मेट घालून जेवायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे संपले. दोन्ही बदलायचे ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, नंतर चाला, फिरा, नातवंडं खेळवा, पण त्या माळावरच्या दगडांत पुन्हा पाय टाकायचा नाही. ऑपरेशन गुरुवारी होतं. आदल्या रविवारी शेवटचा डाव. पाचव्या होलचा ऊस आठच दिवसांपूर्वी तुटला होता. साहेबांनी ऑपरेशनची तारीख त्या तोडीवरूनच धरली होती, हे मला नंतर त्यांच्या घरून कळलं. घरचे इतके दिवस समजत होते की डॉक्टर रिकामे नाहीत.

त्या दिवशी ते बोललेच नाहीत. भडंग खाल्लं नाही, डेव्हिएशन मागितली नाही, एकदाही 'किती' म्हणून विचारलं नाही. पहिल्या नऊ होलांना एकोणपन्नास. पाचव्याला दुसऱ्या फेरीत चेंडू शेतात गेला, तो मामांनी पाचटातून लांबूनच दाखवला. दंड वाचला. सतरावा संपला तेव्हा ते गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सांग."

"चौऱ्याण्णव."

शेवटच्याला पाच लागले तर नव्व्याण्णव. मामांनी बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

अठरावं म्हणजे उजवीकडं आणखी एक खडक, मग ओढा आणि पलीकडं चढ. पहिला फटका नेहमीसारखा उजवीकडं खडकावर गेला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा खडकानं तो पुढं ढकलला. दुसऱ्यात ओढा पार. तिसऱ्यात ब्राऊनच्या कडेला. चौथा त्यांनी लाल फुलीच्या काठीनं मारला, तो होलपासून चार पावलांवर थांबला. चार पावलं म्हणजे काही फार नाही. पण साहेबांचा हात मला माहीत होता. चार पावलांवरून त्यांचे दहातले आठ उजवीकडून निघून जायचे.

मामा पोतं घेऊन पुढं झाले. एकदा ओढत होलपर्यंत गेले. मग परतताना दांडीचं टोक वाळूत टेकवून ओढत, हळू आले. म्हातारा माणूस, टेकत येणारच. मी कार्डावर चार लिहीत होते.

साहेबांनी चेंडू ढकलला. तो निघाला नेहमीच्याच उजव्या अंगाला, आणि हातभर गेल्यावर डावीकडं वळला. आमच्या डोंगरात भाताच्या खाचरात पाणी सोडताना पाटातून ते जसं आज्ञाधारकपणे वळतं, तसा. आणि होलात पडला. मामांनी पोतं टाकलं आणि दोन्ही हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी वाळू बघितली. उन्हं अजून तिरपी होती. चेंडूच्या वाटेवर रेघेसारखी एक बारीक सावली होती, अगदी होलच्या तोंडापर्यंत. दिवसाकाठी मी वाळूचे दोनशे साचे बघते. ती सावली कसली, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. साहेब चेंडू काढायला वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी म्हटलं, गुडघे असतील.

क्लबच्या व्हरांड्यात आम्ही दोघं बसलो. मामा बाहेर फाटकापाशी वॉचमनला सांगत होते, "नव्व्याण्णव. माझ्या डोळ्यानं बघितलंय." साहेबांनी कार्ड माझ्यापुढं सरकवलं.

"सही कर."

मी पेन उघडलं नाही.

"मी काय वाळूत हात घातला न्हाय," ते म्हणाले.

"मी कुठं म्हटलं घातला?"

"मग कर की सही. चार वाजता घरी पावणं येणार हायत."

"साहेब, रेघ किती खोल होती?"

"साडेतीन मिली."

ताडकन म्हणाले. विचारायचा अवकाश. सगळं आयुष्य 'भोक कुठाय' म्हणण्यात घालवलेला माणूस, पण वाळूचं माप कुणी विचारल्यावर चुकीचं सांगणं त्यांना जमलं नाही. बाहेर मामांचं पुन्हा पहिल्या फटक्यापासून सुरू झालं होतं.

"मी तीन धरली होती," मी म्हणाले.

"तेलाच्या वाळूत कड ढासळती. खाली आणि अर्धा मिली असतोय. इंजिनिअर हायस, एवढं कळू ने व्हय?" मग हात पुढं करून म्हणाले, "पेन दे."

शेवटच्या चौकटीत त्यांनी स्वतः सात लिहिले.

"बॅग वाहणाऱ्यानं केलं, म्हणजे खेळणाऱ्यानं केलं. दोन फटक्यांचा दंड. पुस्तकात हाय."

"तुम्ही मामांना सांगितलं नव्हतं."

"मी सांगितलं असतं तर एवढी वाकडी काढून घेतली असती काय?"

एकशे एक. त्यांनी सही केली, मग मी केली. माझ्या सगळ्या सह्यांमध्ये तेवढी एकच सही जड गेली. मी काही बोलणार तोवर मामा आत आले. टोपी काढून हातात घेतलेली.

"लिव्हलं का मालक?"

"लिव्हलं. एकशे एक."

मामांना आधी चेष्टा वाटली. मग नाही वाटली. "कसं हो? मी मोजल्यात की. ह्या होलाचं पाच."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं मालक म्हणून बघितलं होतं, रागानं बघितलं होतं, पण काही मागितल्यासारखं बघितलं नव्हतं. मग मामांना म्हणाले, "मॅडमनी दोन वाढवले. कसला तरी नियम निघाला म्हणं."

त्या माणसानं आयुष्यात एकदा खरं लिहिलं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत खोटं बोलून त्याची भरपाई केली. तेही माझ्या नावावर. मी तोंड उघडलं. मला कॉलेजात प्राचार्य गप्प बसवू शकले नव्हते. पुण्याच्या गिऱ्हाइकाला मी भर मीटिंगमध्ये 'तुमचं ड्रॉइंग चुकलंय' म्हणून सांगितलेलं आहे. मग मी मामांकडं बघितलं. वाळूवर आपण काय केलं हे कुणाला कळलंय, हे त्या म्हाताऱ्याच्या गावीही नव्हतं. अकरा वर्षं ज्याची बॅग वाहिली त्याला आपण एक दिवस काहीतरी दिलं, एवढंच त्यांना माहीत होतं. मी तोंड मिटलं.

"एवढी शिकलीस पोरी," मामा म्हणाले. म्याडम गेलं, पोरी आलं. "आणि शिकून हे केलंस. गुरवारी त्येचं पाय कापणार हायत, तुला दोन फटकं जड झालं?"

"मामा, ऱ्हाऊ दे. ती तसलीच हाय," साहेब म्हणाले. मला वाटलं, या माणसाच्या कपाळावर लाल रंगाचा अख्खा डबा ओतावा.

पुढच्या रविवारपर्यंत क्लबात दोन्ही आकडे पोचले. मामांच्या तोंडी नव्व्याण्णव, कार्डावर एकशे एक. सभासदांनी त्याचा त्यांना सोयीचा अर्थ लावला. साहेबांनी म्हाताऱ्याला पढवून ठेवलंय, नेहमीप्रमाणं. 'ऐकीव माहितीवरून'वाले डॉक्टर दवाखान्यात भेटायला आले ते हसतच. "ऐकलं, मामाच्या कार्डावर शंभराच्या आत आलात म्हणं." मी तिथंच होते, कारखान्याच्या कागदांवर साहेबांची सही घ्यायला गेले होते. अर्ध्या मिलीसाठी गिऱ्हाइकाशी तास तास भांडणारे साहेब नव्या गुडघ्यावरची चादर नीट करत म्हणाले, "सवय हो डॉक्टर. जातीया होय लगेच?"

आता त्यांचा मुलगा कारखाना बघतो आणि मी दुसऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. साहेब काठी टेकत फाउंड्रीत येतात आणि नवीन इन्स्पेक्टरला डेव्हिएशनचं महत्त्व शिकवतात, असं ऐकते. सुधारले वगैरे काही नाहीत.

मामा परवा कसबा बावड्यात भेटले. सुनेबरोबर भाजी घेत होते. मी नमस्कार केला. त्यांनी तो घेतला नाही, सुनेला म्हणाले, "हीच ती. मालकाचं दोन जादा लिव्हणारी."

सूनबाई माझ्याकडं, माझ्या गाडीकडं आणि पुन्हा माझ्याकडं बघत म्हणाली, "खरंच लिव्हलं व्हय, ताई?"

"लिव्हले," मी म्हणाले.

"बघ," मामा तिला म्हणाले, "कबूल तरी करतीया."